येतो, अम्मी

चामोर्शीच्या बाजार चौकातून मार्कंड्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आधी खताचं दुकान, मग शिंपी आणि मग आम्ही. पाटीवर अजून ‘बाबूभाई रेडिओ सर्व्हिस’ असंच आहे. बाबूभाई म्हणजे माझे अब्बा. ते गेले, त्यांच्यामागून रेडिओही गेले, दुकानात कॉम्प्युटर आले. पण पाटी बदलायचा मला कंटाळा आणि अम्मीला तिचा अभिमान, म्हणून ती राहिली. दुकानाच्या मागे घर. मध्ये एक दार, तेही कधी लागत नसे.

मी भाबडा माणूस नाही. कॉम्प्युटर बंद पडला की लोक येऊन सांगतात, भाऊ, याले कोनाची तरी नजर लागली, अमावस्येपासून असाच करून राह्यला. मी मागचं झाकण उघडतो, पालीची अंडी बाहेर काढतो, ब्रशनं धूळ झाडतो आणि मशीन चालू करून देतो. प्रत्येक बिघाडाला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कारण धूळ असतं, हे मी गिऱ्हाइकांना इतक्या वेळा ऐकवलं आहे की शेजारचा शिंपी मला ‘धूळवाला मुजफ्फर’ म्हणायचा. दोन हजार दोन सालानंतर मी ते वाक्य बोललेलो नाही.

धंद्यातली एक गोष्ट आधी सांगून टाकतो. तेव्हा सगळीकडे विंडोज अठ्ठ्याण्णव होतं. ते ज्या मशीनवर बसवलं त्या मशीनच्या एकेका भागाची यादी करून ठेवायचं: आवाजाचं कार्ड कोणतं, पडदा कोणता, कीबोर्ड कोणता, माउस कोणता, आतलं घड्याळ कोणतं. आता तीच डिस्क काढून दुसऱ्या, वेगळ्या मशीनला लावली की पंचाईत. ते आपलं जुनंच अंग शोधत बसायचं आणि सापडलं नाही की अडून राहायचं. म्हणून डिस्क हलवायची तर ती यादी उघडून एकेक नोंद पुसावी लागे. आधी आवाज, मग पडदा, मग कीबोर्ड-माउस, आणि सगळ्यात शेवटी घड्याळ. एवढं केलं की ते नव्या मशीनमध्ये कोऱ्या मनानं उठायचं आणि चाचपडत एकेक भाग ओळखायचं. प्रत्येक भाग सापडला की पडद्यावर छोटी चौकट यायची, ‘न्यू हार्डवेअर फाउंड’. ह्या पुसण्याला आमच्या दुकानात ‘विसरवणं’ म्हणत. शब्द जाहिदचा. ‘भाई, डिस्क विसरवली का?’ असं तो दुकानातून घरात ओरडून विचारायचा.

जाहिद माझा धाकटा भाऊ. अकरा वर्षांनी धाकटा, म्हणजे अर्धा मुलगाच. डावखुरा. त्याला पहिल्यांदा माउस हातात दिला तेव्हा त्यानं तो उचलून डावीकडे ठेवला आणि म्हणाला, आता बरोबर हाय. त्याचं स्वतःचं मशीन मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं. त्या मशीनचं घड्याळ त्यानं सात मिनिटं पुढं लावलं होतं, एसटी चुकू नये म्हणून, आणि एसटी तरीही चुकायचीच. त्या काळी पोरं मशीन सुरू-बंद होतानाचे आवाज बदलून त्यात गाणी टाकत. ह्यानं स्वतःचा आवाज टाकला होता. मशीन सुरू झालं की ‘आलो, अम्मी!’ आणि बंद होताना ‘येतो, अम्मी.’ पहिल्यात शेवटी दाबलेलं हसू ऐकू यायचं, कारण तो ते रेकॉर्ड करत असताना अम्मी हातात उलथनं घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

अम्मी स्वयंपाकघरातून दोन्हींना उत्तर द्यायची. तो खरा बोलला काय, मशीन बोललं काय, तिला सारखंच. ‘आलास?’ आणि ‘ये बेटा.’ आमच्याकडे घरातून निघणारा ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आणि घरातल्यानं ‘ये’ म्हणायचं असतं. ‘जा’ हा शब्द उंबरठ्यावर कोणी काढत नाही.

आणि अम्मीचं बोलणं काटेकोर होतं. आमच्या भागात पुष्कळ बायका ‘मी येतो’, ‘मी जेवलो’ असंच बोलतात. अम्मी चुकूनही नाही. नागभीडच्या शाळेत इंदुताई नावाच्या मास्तरीणबाईंनी तळहातावर पट्ट्या मारून तिचं ‘येते’ आणि ‘जेवले’ पक्कं केलं होतं. त्याचा तिला भारी तोरा. घोटच्या पलीकडच्या जंगलगावातून सोमारी दर बाजाराला चारोळी, डिंक आणि झाडायचे फडे घेऊन यायची, तिला अम्मी पाट देऊन बसवायची, चहा पाजायची आणि वर दुरुस्त करायची, ‘सोमारी, मी येतो नाही, मी येते.’ सोमारी हसून म्हणायची, ‘हो बाई, तसाच येतो मी.’

दोन हजार दोनच्या मार्च महिन्यात मोहर्लीच्या एका लॉजवाल्याचा फोन आला. जुनं मशीन गेलं, नवं आणलं, डिस्क हलवून द्या. काम माझं होतं. माझं अंग सकाळपासून कसकसत होतं. मी पांघरुणातूनच जाहिदला म्हटलं, ‘तूच जा.’ ‘जाऊन ये’ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलं आहे की आता त्याचं उत्तर ऐकूही येत नाही.

तो निघाला तेव्हा अम्मी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजला उभी होती. दारातून त्यानं ‘येतो, अम्मी’ म्हटलं. नमाजात बोलता येत नाही. तिनं सलाम फिरवून नमाज संपवला तोवर गाडी चौकातून वळली होती. मूल गावाच्या पुढे रस्त्याच्या कडेला एक ट्रक दिवे न लावता उभा होता आणि अंधार नुकताच पडत होता.

जाहिदचा चाळिसावा झाला त्या दिवशी संध्याकाळी अम्मी मला म्हणाली, ‘मुज्जू, त्याचं मशीन लाव.’

मी लावलं. ‘आलो, अम्मी!’ आणि ते हसू. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. अम्मीनं सांगितलं, आता बंद कर. ‘येतो, अम्मी.’ तिनं पदर सावरला आणि अगदी नीट, शब्द तोडून म्हणाली, ‘ये बेटा.’ त्या दिवशी तिचं राहून गेलं होतं, ते तिनं फेडलं. मला वाटलं, बरं झालं, आता तिला झोप लागेल.

पण ती रोज म्हणू लागली. असर झाली की मशीनसमोर बसायचं, सुरू करायचं, बंद करायचं, ‘ये’ म्हणायचं आणि दिवस मावळतीच्या, मगरिबच्या नमाजाआधी उठायचं. दहा मिनिटांचं काम. कोणाचं काय जात होतं? माझेही कान त्या दहा मिनिटांत दुकानातून घराकडे लागलेले असायचे.

दिवाळीनंतर एका दुपारी लाइनमध्ये चारशे चाळीस व्होल्ट आले. खतवाल्याचा पंखा गेला, शिंप्याचे दोन बल्ब फुटले आणि जाहिदच्या मशीनचा मदरबोर्ड जळाला. मी झाकण उघडलं तेव्हा जळक्या बेकेलाइटचा तो गोडसर वास मधल्या खोलीभर पसरला. डिस्क मात्र वाचली होती.

मी आधी सोपा उपाय केला. डिस्कवरून दोन्ही आवाज दुकानातल्या मशीनवर घेतले आणि अम्मीला बोलावून वाजवून दाखवले. तिनं दोन्ही ऐकले, मान हलवली.

‘हा त्याचा आवाज आहे, तो नाही,’ ती म्हणाली. ‘त्या मशीनवर तो आपल्या मनानं यायचा. इथं तू बोलवतोस म्हणून बोलतो.’

‘अम्मी, तिथंही मशीनच बोलायचं.’

‘तुला माहीत आहे ना सगळं? मग जसाच्या तसा आणून दे त्याला.’

म्हणून मी नागपूरहून भाग आणून नवं मशीन जोडलं. बोर्ड दुसरा, पडद्याचं कार्ड दुसरं, आवाज तर बोर्डातच. जुन्याशी मेळ खाणारा एकही भाग नव्हता. डिस्क लावली. जुनं मशीन मेलेलं असल्यामुळे विसरवायचं काम नव्यावरच करावं लागणार होतं, सेफ मोडमध्ये, म्हणजे ते अर्धवट जागं असताना. मी ती यादी उघडली. जाहिदच्या मशीनचा एकेक भाग तिथं नावानिशी होता. पहिल्या नोंदीवर गेलो आणि पुसायची कळ दाबणार, तेवढ्यात मागून अम्मीनं विचारलं, ‘काय पुसतोस?’

‘जुन्या मशीनची आठवण. नाहीतर हे इथं नीट बसणार नाही.’

‘नको पुसू.’

‘अम्मी, पुसल्याशिवाय...’

‘त्याला काही विसरायला लावू नको, मुज्जू.’

धंद्यात मी कोणत्याही गिऱ्हाइकाचं असलं ऐकलं नसतं. तिचं ऐकलं. यादी तशीच ठेवून मी मशीन पुन्हा सुरू केलं. ते तीनदा अडलं. चौथ्यांदा चौकटी येऊ लागल्या, न्यू हार्डवेअर फाउंड, न्यू हार्डवेअर फाउंड, आणि एकेक भाग ओळखत ते उठलं. पाऊण तासानं आवाज फुटला. ‘आलो, अम्मी!’

अम्मी रडली नाही. ‘आलास?’ म्हणाली आणि मशीनच्या पत्र्यावरून हात फिरवला.

ह्या पत्र्याच्या हाताला झिणझिण्या यायच्या. आमच्या घराचं अर्थिंग कच्चं आहे, अशा मशीनला हात लावला की बोटांना मुंग्या येतात, त्यात नवल नाही. मी तिला सांगितलं, हात लावू नको. ती म्हणायची, अंग गरम लागतं त्याचं.

आठवडाभरानं एक चौकट जास्तीची येऊ लागली. सगळे भाग ओळखून झालेले असताना पुन्हा ‘न्यू हार्डवेअर फाउंड’, आणि खाली ‘अननोन डिव्हाइस’. अनोळखी भाग. असं होतं, कुठलं तरी कार्ड सैल असतं. मी सगळं सोडवून साफ करून परत बसवलं. चौकट आली. पॉवर सप्लाय बदलला. चौकट आली. मग माझ्या लक्षात आलं की मी एकटा मशीनसमोर बसतो तेव्हा ती येत नाही. अम्मी बसते आणि तिचा हात पत्र्यावर असतो तेव्हाच येते. मी अर्थिंगला दोष दिला. अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. झिणझिण्या थांबल्या. चौकट थांबली नाही.

‘ती आली की कॅन्सल दाबायचं,’ मी अम्मीला दाखवून दिलं.

‘काय विचारतो तो त्यात?’

‘नवा भाग सापडला, बसवू का, असं विचारतं मशीन.’

‘मग नाही कसं म्हणू?’ ती म्हणाली, आणि बोटानं एंटर दाबलं. त्या दिवसापासून ती रोज एंटरच दाबत असे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिनं अजान ऐकणं सोडलं. मशीद आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. भोंगा वाजत असायचा आणि ही तांदूळ निवडत बसलेली. मी ‘अम्मी, अजान झाली’ म्हटलं की दचकून ‘हो का?’ म्हणायची. मला वाटलं कान गेले. पण मधल्या खोलीतलं ‘आलो, अम्मी’ तिला अंगणातून ऐकू येत होतं.

मग एका सकाळी भिंतीवरच्या अब्बांच्या फोटोकडे बघून तिनं विचारलं, ‘मुज्जू, हे कोण?’

मी हसलो. ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. ती वाट बघत राहिली, तेव्हा मी सांगितलं. ‘अच्छा,’ ती म्हणाली, परक्या माणसाची माहिती मिळाल्यासारखं.

मी तिला गडचिरोलीला डॉक्टरांकडे नेलं. ते भले माणूस होते. त्यांनी पाऊण तास दिला, रक्त तपासलं, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. मुलगा गेल्याचा धक्का आहे, वय आहे, अशानं विसरायला होतं. गोळ्या लिहून दिल्या. कारण मिळालं म्हणून मी परतताना एसटीत अगदी हलका झालो होतो. अम्मी खिडकीशी बसली होती. वाटेत एका फाट्यावर तिकिटं बघायला तपासनीस चढला, तेव्हा तिनं रुमालातलं तिकीट काढून पुढे केलं. डाव्या हातानं.

त्या रात्री ताटावर बसली तेव्हा घास डाव्या हातानं घेतला. आयुष्यात एका गोष्टीवरून तिनं जाहिदला मारलं असेल तर ह्यावरूनच. तिनं ताट सारलं आणि म्हणाली, ‘जेवलो.’

सोमारीचं बोलणं लागलं असेल, असं मी मनात म्हटलं. मी तेव्हा कशालाही कारण देत होतो.

एका गोष्टीला मला कारण सापडेना. मी सवयीनं जाहिदच्या डिस्कवर दोन्ही आवाजांच्या फाइल तपासत असे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा ‘आलो’ची फाइल दोनशे बारा केबीची होती. आकडा मी कागदावर लिहून ठेवला होता. महिन्याभरानं एकशे चाळीस. मग शहाण्णव. डिस्क खराब होते तेव्हा फाइल तुटते, उघडत नाही. ती अशी बारीक होत जात नाही. आवाजही बारीक होत होता. आधी ते हसू गेलं. मग ‘अम्मी’ गेलं. नुसतं ‘आलो’ उरलं, दुरून म्हटल्यासारखं.

अम्मी आता पुष्कळदा काही कारण नसताना हसायची. दाबलेलं, नाकातलं हसू.

मला पुसायची ती यादी आठवली. आवाज, म्हणजे अजान. पडदा, म्हणजे अब्बांचा फोटो. मग हात. मी विषय डोक्यातून काढून टाकला. शिंप्यानं विचारलं, काय झालं, तर त्याच्यावर ओरडलो.

पुढच्या बाजाराला सोमारी आली. अम्मीनं तिला पाट दिला नाही. दारात उभं करून विचारलं, ‘कोन पायजे?’ सोमारीनं टोपली खाली ठेवली, तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मागच्या मागे दुकानात माझ्याकडे आली.

‘भाऊ, घरात कोन हाय तो?’

‘कोण म्हणजे? अम्मी आहे.’

‘बाई हाय,’ ती म्हणाली. ‘हाय अजून. मांगं मांगं हाय. पन पुढं कोन हाय?’

मी तिला सगळं सांगितलं. मशीन, ‘येतो’, अम्मीचं रोजचं ‘ये बेटा’. ती उकिडवी बसून ऐकत होती. मशीनचं तिला किती कळलं कोण जाणे. ‘ये’ म्हटल्याचं तेवढं कळलं.

‘गेलेल्याले रोज ये म्हनलं, तर तो का करन? येनच. माय बलावते म्हनून आला बिचारा. त्याचा काई दोष नाई.’ तिनं फडा उचलून परत ठेवला. ‘आता तू त्याले जा म्हन.’

‘मी?’

‘बाई थोडीच म्हनन. तूच म्हनजो. पन नाव घेऊन म्हन, भाऊ. तोंडानं नाव घे. एका घरात दोघं हाय, कोनाले म्हनून राह्यला ते समजलं पायजे.’

मी तिला चहा पाजला, टोपलीतली सगळी चारोळी घेतली आणि तिचं बोलणं मनावर घेतलं नाही. त्याऐवजी मला येतं ते केलं. मशीनची वायर काढून ते दुकानात नेलं, डिस्क बाहेर काढली आणि माझ्या मशीनला लावली. जाहिदचं सगळं एका सीडीवर घ्यायचं, डिस्क कपाटात ठेवायची आणि अम्मीला मशीनपासून तोडायचं, असा माझा विचार होता.

डिस्क कोरी होती.

ना फाइल, ना फोल्डर, ना विंडोज. माझ्या मशीननं काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवली, की ह्या डिस्कवर सुरू करण्यासारखं काही नाही. मी तिला कानाशी धरलं. आत ती नीट फिरत होती.

दुकानातलं ते आवाजाचं कॉपी केलेलं फोल्डर उघडलं. दोन्ही फाइली शून्य केबी.

मी घरात गेलो. अम्मी मशीनच्या रिकाम्या जागेसमोर बसली होती. मशीन कुठं नेलं, असं तिनं विचारलं नाही. तिला त्याची गरज उरली नव्हती.

‘किती वाजले, अम्मी?’ मी विचारलं. का विचारलं, ते मला माहीत होतं. सगळ्यात शेवटी घड्याळ.

तिनं भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. ‘पाच वाजून एकोणीस.’

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

मला काय हवं होतं, ते मी सरळ सांगतो. जाहिद मला हवा होता. नऊ महिने मी त्याच्यावाचून तडफडलो होतो. तो समोर बसला होता आणि नाकात हसत होता. पण त्याच्यासाठी अम्मी द्यायची माझी तयारी नव्हती. ती मागे कुठंतरी होती अजून. सोमारीनं पाहिली होती. मला अम्मी परत हवी होती.

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिचे दोन्ही हात धरले. गार होते.

नाव घ्यायला तोंड उघडलं. ‘जा...’ पुढचं आलं नाही. पूर्ण ‘जाहिद’ येईना. मार्चमध्ये पांघरुणातून मी ज्याला पाठवलं, त्यालाच पुन्हा नाव घेऊन पाठवायचं होतं. मी दोनदा प्रयत्न केला.

मग डोळे मिटून नुसतं म्हणालो, ‘जा.’

काही झालं नाही. बाहेर मार्कंड्याची एसटी गेली, तिचा धुरळा खिडकीच्या जाळीतून आत आला.

‘जा आता,’ मी म्हटलं. ‘मी पाया पडतो. जा.’

तिनं माझ्याकडे पाहिलं. ते डोळे अम्मीचे होते. किती दिवसांनी होते. त्यांत माझी ओळख होती, आणि जरासा अपमान, लहानपणी मी उलट बोललो की दिसायचा तसा.

तिनं उजवा हात सोडवून घेतला. उजवा. माझ्या डोक्यावरून फिरवला. पदर नीट केला.

‘येते रे बाबा,’ ती म्हणाली.

येते! येतो नाही. इंदुताईंच्या पट्टीखालचं, स्वच्छ, काटेकोर ‘येते’. अम्मी परत आली म्हणून मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो. तिनं थोपटलं. हळूहळू हात थांबला. तिला झोप लागली होती. मी तिला अलगद आडवं केलं, पांघरूण घातलं, आणि त्या रात्री नऊ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

‘येते’ हा शब्द माणूस कधी म्हणतो, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

सकाळी मी दुकानाची फळी काढत होतो. मधल्या दारात चाहूल लागली. अम्मीची नमाजची ओढणी मफलरसारखी गळ्याभोवती गुंडाळलेली. डाव्या हातात चहाचा कप.

‘भाई,’ आवाज अम्मीचा होता, ‘अम्मी कुठी हाय? पुरं घर पाह्यलं. दिसून नाई राह्यली.’

ह्याला आता तीन वर्षं होतील. हा प्रश्न रोज सकाळी येतो, दुकान उघडायच्या सात मिनिटं आधी. पहिले काही दिवस मी नुसत्या फळ्या काढत राहायचो. आता उत्तर देतो. खोटं काहीच सांगत नाही.

‘येते म्हनून गेली,’ मी सांगतो.

त्याला ते पटतं. ‘मंग येईन अम्मी,’ म्हणून तो उंबरठ्यावर बसतो, तिची ओढणी मांडीवर घेऊन, चौकाकडे बघत.